हेर्योल्फ्सनेसचा झगा पुन्हा शिवताना: सापडलेल्या कापडावर किती भिस्त ठेवावी?

शिवणवेल

नमस्कार. मी मूळची सांगलीची असून गेली सहा वर्षे डेन्मार्कमध्ये राहते. शिवण मी मावशीच्या हाताखाली शिकले. तिच्याकडे परकर-पोलक्यांपासून शिवलेल्या नऊवारीपर्यंत सगळी कामे येत असत. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात हेर्योल्फ्सनेसचे कपडे पाहिल्यापासून त्यांतला एक झगा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने शिवावा असे मनाने घेतले आहे. ज्यांना या कपड्यांची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हेर्योल्फ्सनेस हे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळचे नॉर्स (स्कँडिनेव्हियाकडून आलेल्या) लोकांच्या वसाहतीचे ठिकाण. तिथल्या चर्चच्या आवारातली दफनभूमी समुद्र गिळत चालला होता, म्हणून १९२१ च्या उन्हाळ्यात डॅनिश पुरातत्त्वज्ञ पोल नॉर्लुंड यांनी तिथे उत्खनन केले आणि गोठलेल्या जमिनीतून उत्तर मध्ययुगातले लोकरीचे झगे, टोपडी आणि मोजे बाहेर आले. राजेरजवाड्यांची वस्त्रे चर्चच्या खजिन्यांत जपली गेली आहेत. शेतावर राबणाऱ्या माणसांचे त्या काळातले इतके पूर्ण कपडे मात्र युरोपात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात.

नॉर्लुंड यांच्या यादीतला ३८ क्रमांकाचा झगा मी निवडला आहे. त्याच्या पुढच्या आणि मागच्या भागात मधोमध चीर देऊन कळ्या (घेर देणाऱ्या त्रिकोणी पट्ट्या) बसवलेल्या आहेत, दोन्ही बाजूंना काखेखालून आणखी कळ्या सोडलेल्या आहेत, आणि हे सगळे पाहताना मला मावशीने बेतलेला कळीदार झगाच समोर दिसला. बेत माझ्या हातात बसेल अशी खात्री वाटते. अडचणी आहेत त्या वेगळ्याच.

हा झगा संग्रहालयात सपाट मांडलेला आहे आणि त्याचे प्रसिद्ध झालेले आराखडेही सपाटच आहेत. तो अंगाला किती लागून बसत असे, छातीखाली चोपून होता की सैल, हे त्यावरून कसे ओळखायचे? शिवाय त्याच्या आत लिननचा सदरा असणार असे सगळे गृहीत धरतात, परंतु या कबरींतून तसा सदरा निघालेला नाही. मग आतले वस्त्र कशाच्या आधारे शिवायचे? लंडनच्या उत्खननात कोपरापासून खाली ओळीने काजे असलेली बाही मिळाली आहे, तशी बटणे या झग्याला लावली तर चालतील का? आणि शेवटचा प्रश्न रंगाचा. हे सगळे कपडे आज मातकट तपकिरी दिसतात, पण ते मुळात तसे नसावेत. पुण्याहून मंजिष्ठा मागवून कापड लाल रंगवावे असा माझा विचार आहे. त्यात काही चुकत असेल तर कृपया कापड घेण्यापूर्वीच सांगा.

ताणाबाणा

शिवणवेल ताई, तुमचा पहिला प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून मी त्यालाच अधिक वेळ देते. मी जुन्या कापडांच्या संवर्धनाचे काम करते आणि कापड हातात आल्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हे इथे आले कसे?

ग्रीनलंडमध्ये लाकडाची मोठी चणचण होती. त्यामुळे अनेकांच्या वाट्याला शवपेटी येत नसे आणि प्रेत जुन्या कपड्यांत गुंडाळून पुरले जाई. याचा अर्थ असा, की कबरीतला झगा मृत व्यक्तीच्या अंगात असेलच असे नाही. कित्येकदा तो उसवून किंवा कापून प्रेताभोवती लपेटलेला होता. एखाद्या स्त्रीला ज्यात गुंडाळले तो झगा तिच्या दिराचाही असू शकतो. ३८ क्रमांकाच्या झग्याला आपण बाईचा झगा म्हणतो ते त्याचा बेत आणि घेर पाहून. हाडांचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण ती अतिशय झिजलेल्या अवस्थेत सापडली. त्याच झिजलेल्या हाडांवरून १९२० च्या दशकात असा निष्कर्ष काढला गेला होता, की शेवटच्या काळातले हे लोक खुरटलेले आणि रोगट होते. पुढच्या अभ्यासांनी तो खोडून काढला. म्हणून झग्याच्या मालकिणीची उंची आणि बांधा ठरवताना कबरीचा आधार घेऊ नका.

आधार घ्यायचा तो कापडाचाच. बाहीची शिवण हाताच्या मागच्या बाजूने जाते आणि खांद्याच्या मागे बाहीत एक छोटी कळी बसवलेली असते. सैल पिशवीसारख्या बाहीला एवढा खटाटोप कोणी करत नाही. बाही हाताला लागून बसावी आणि तरीही हात पुढे नेता यावा, वाकून काम करता यावे, यासाठी ही सोय आहे. बाजूच्या कळ्या किती उंचीवर सुरू होतात हे पाहा, कारण तिथून घेर सुटतो आणि त्याच्या वरचा भाग धडाला किती जवळ होता हे तेच ठिकाण सांगते. त्यानंतर शिवणींकडे लक्ष द्या. ज्या शिवणीवर रोज ताण येतो तिथली सुईची भोके लांबट होतात, आणि ज्या शिवणीवर ताण येत नाही तिथली गोलच राहतात. काख, कोपर आणि खालची कड इथली झीजही अशीच बोलकी असते. प्रसिद्ध आराखड्यांत हे सगळे उतरत नाही, म्हणून संग्रहालयात पुन्हा जाणे शक्य असेल तर पेन्सिल आणि वही घेऊन जा आणि फक्त बाह्यांकडे पाहण्यात एक दिवस घालवा. तो दिवस कारणी लागेल.

एक सावधगिरी मात्र हवी. शतकानुशतके जमिनीत राहिलेली लोकर काही ठिकाणी आटते आणि काही ठिकाणी ताणली जाते, आणि या कपड्यांतून तर झुडपांची मुळे आरपार गेलेली होती. त्यामुळे आराखड्यातले माप सेंटीमीटरपर्यंत खरे मानून त्यावरून छातीचा घेर काढणे धोक्याचे आहे. भागांचे एकमेकांशी असलेले प्रमाण अधिक भरवशाचे असते.

कापडाविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण झगा अंगावर कसा पडतो हे अर्धेअधिक कापडावर ठरते. हे दोन वर, दोन खाली अशा विणीचे ट्वील, म्हणजे तिरकी वीण दिसणारे कापड आहे. ते उभ्या मागावर विणलेले असून त्या मागात ताण्याचे धागे वरच्या दांडीला बांधतात, खाली दगडांची वजने लोंबत ठेवतात आणि विणणारी बाई उभी राहून बाणा वरच्या दिशेने ठोकत जाते. ताण्याला लांब, राठ केसांचा घट्ट पिळलेला धागा झेड पिळाचा, आणि बाण्याला आतल्या मऊ लोकरीचा सैल धागा एस पिळाचा, म्हणजे उलट दिशेने पिळलेला. ग्रीनलंडच्या कापडाची खास ओळख म्हणजे त्यात अनेकदा बाण्याचे धागे ताण्यापेक्षा दाट असतात. आइसलंडमध्ये विणलेल्या अशाच कापडापेक्षा ते यामुळेच वेगळे पडते. दुकानातले कोटाचे ट्वील घोटून इतके चोपडे केलेले असते, की त्याच्या कळ्या फुगून उभ्या राहतात. निवडताना कापड हाताच्या पंजावर टाकून पाहा. ते जड असूनही पंज्यावरून सरळ खाली ओघळायला हवे, आणि त्याची तिरकी वीण डोळ्यांना दिसायला हवी.

रेशीमगाठ

आतल्या वस्त्राबद्दल मी लिहिते, कारण लिननच्या बाबतीत फार गैरसमज पसरलेले आहेत.

लोकर हे प्राण्याच्या केसांचे प्रथिन आहे आणि लिनन हा वनस्पतीचा धागा आहे. आम्लधर्मी, ओल्या जमिनीत लोकर टिकते आणि लिनन विरून जाते. कित्येकदा लोकरीच्या दोन तुकड्यांच्या कडांना नुसती सुईची भोके उरतात आणि त्यांना जोडणारा लिननचा दोरा नाहीसा झालेला असतो. म्हणूनच उत्खननांवर विसंबून त्या काळातल्या बाईचे चित्र काढले, तर ती फक्त लोकर नेसत होती असे वाटू लागते.

लिनन टिकायला कोरडी जागा लागते, आणि तशी जागा २००८ मध्ये ऑस्ट्रियातल्या पूर्व टिरोलमध्ये लेंगबर्गच्या किल्ल्यात सापडली. पंधराव्या शतकात किल्ल्यावर मजला चढवताना खालच्या कमानींच्या पाठीवरची पोकळी पेंढा, लाकडाचे तुकडे, चामडे आणि चिंध्या टाकून भरून काढली होती. त्या भरावातून कापडाचे २,७०० हून अधिक तुकडे निघाले. इन्सब्रुक विद्यापीठाच्या बेआट्रिक्स नुट्स यांनी त्यांचा अभ्यास केला. २०१२ मध्ये जगभर बातमी झाली ती त्यांतल्या लिननच्या काचोळीवजा वस्त्रांची, कारण स्तनांसाठी वेगळे वाटीसारखे भाग शिवण्याची पद्धत इतकी जुनी असेल असे पोशाखाच्या इतिहासकारांना तोवर वाटत नव्हते. एका वस्त्राला डाव्या कुशीवर नाडी ओवण्यासाठी छिद्रांची ओळ आहे, आणि त्याच्या खालच्या कडेला घागऱ्यासारखा भाग जोडलेला असावा असे मानले जाते. खरे पाहता लेखी पुरावा आधीपासूनच होता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे फ्रेंच शल्यचिकित्सक आंरी द मोंदव्हील यांनी लिहून ठेवले आहे, की काही स्त्रिया आपल्या वस्त्रात स्तनांच्या मापाच्या दोन पिशव्या बसवून घेतात. वाचणाऱ्यांना त्या पिशव्या प्रत्यक्षात कशा दिसत असतील याची कल्पना लेंगबर्गपर्यंत करता आली नाही.

परंतु शिवणवेल ताई, लेंगबर्गचे वस्त्र हेर्योल्फ्सनेसच्या झग्याखाली घालू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लेंगबर्गचे तुकडे पंधराव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे आहेत आणि आल्प्समधल्या एका किल्ल्यातले आहेत. ग्रीनलंडच्या नॉर्स लोकांविषयीची शेवटची लेखी नोंद म्हणजे सप्टेंबर १४०८ मध्ये ह्वाल्सेच्या चर्चमध्ये लागलेले एक लग्न. त्यानंतर ती वसाहत कागदपत्रांतून नाहीशी होते. एकीकडचा झगा, दुसरीकडची काचोळी आणि तिसरीकडची बटणे एकत्र करून आपण अशी एक बाई उभी करतो, जी कधीच जन्माला आली नव्हती. लंडनच्या बाहीबद्दलही माझे हेच मत आहे. टेम्सच्या काठच्या भरावातून आलेले ते तुकडे एका मोठ्या व्यापारी शहरातले आहेत आणि त्यांतले कितीतरी शिंप्यांच्या कात्रणांसारखे आहेत. एक ठिकाण निवडा आणि त्याच्याशी इमान राखा.

माणदेशी

रेशीमगाठ ताईंचा मुद्दा अभ्यासाच्या दृष्टीने पटतो, परंतु शिवणाऱ्याच्या दृष्टीने तो पूर्ण पाळता येणार नाही. गेली बारा वर्षे मी नाटकांसाठी आणि संग्रहालयांच्या प्रदर्शनांसाठी कपडे शिवतो. उघड्या अंगावर राठ लोकर घालून कोणाला उभे करता येत नाही. आत काहीतरी घालावेच लागते. हेर्योल्फ्सनेसच्या बायकाही काहीतरी घालतच असणार. मग ते वस्त्र शक्य तितके साधे करावे, म्हणजे सरळ अंग, सरळ बाह्या, काखेत चौकोनी बगल आणि बाजूंना दोन कळ्या. असा बेत त्या काळी युरोपभर इतका रुळलेला होता, की त्यात आपण फारसे काही नवे घुसडत नाही. फक्त झग्यासोबत एक कागद जोडावा आणि त्यावर प्रामाणिकपणे लिहावे, की झगा सापडलेल्या वस्तूवरून केला आहे आणि सदरा अंदाजाने केला आहे. दोन्हींना एकाच भरवशाचा मान देऊन लोकांसमोर मांडणे चुकीचे आहे. अंदाज बांधणे चुकीचे नाही.

बटणांबाबत मात्र मी रेशीमगाठ ताईंच्या बाजूचा आहे. लंडनच्या बाहीतून शिकायचे ते तंत्र. तिथे बटणे कापडाचीच आहेत. छोटा गोल तुकडा त्याच्याच कडा आत दुमडून गच्च शिवलेला असतो. ती काठापासून आत लावलेली नसून अगदी काठावर बसवलेली असतात, आणि काजांच्या मागे रेशमाची अरुंद पट्टी असते, म्हणजे काज ओढले जाऊन फाटत नाही. हेर्योल्फ्सनेसमध्येही बटणे असलेले कपडे आहेत, तेव्हा बटणांचा झगा हवाच असेल तर त्यांतलाच एखादा वेगळा निवडावा. ३८ क्रमांकाच्या झग्यावर ती चिकटवू नयेत.

आता हातातले काम. आधी पूर्ण झगा मांजरपाटाचा शिवा, आणि मांजरपाट दोनदा भिजवून वाळवल्यावरच कापा. कळी कापताना तिची एक बाजू सरळ धाग्यावर आणि दुसरी उरेब (धाग्याला तिरकी) येते. तुमच्या मावशींनी सांगितलेच असेल, की उरेब बाजू शिवताना वरचे कापड नकळत ओढले जाते आणि शिवण लाटेसारखी फुगते. लोकरीच्या ट्वीलमध्ये हे दुप्पट जाणवते, म्हणून सरळ बाजू उरेब बाजूला जोडताना उरेब बाजू खाली ठेवा आणि तिला हात लावू नका. मधली कळी चिरेत बसवताना टोक साधणे हे सगळ्यात कठीण काम आहे. तिथे आधी टोकापासून दोन्हीकडे चार-चार टाके घालून घ्या, मग खालून वर या. झगा पुरा झाल्यावर तीन दिवस खुंटीला टांगून ठेवा, म्हणजे कळ्या जेवढ्या लोंबायच्या तेवढ्या लोंबतील. त्यानंतरच खालची कड सारखी करा. मूळ कपड्यांत कडेच्या आतल्या बाजूला लोकरीचे धागे आडवे ठेवून त्यांना बारीक टाक्यांनी पकडलेले दिसते. त्यामुळे कड जाड दुमड न घेताही झिजेला पुरून उरते. मी हे एकदा करून पाहिले आणि त्यानंतर लोकरीच्या जाड कापडाला दुहेरी दुमड देणे सोडून दिले.

आमच्याकडे माणदेशात धनगरी घोंगडीची काळी लोकर सहज मिळते, म्हणून मी एकदा ती वापरण्याचा प्रयत्न केला होता. घोंगडी सरळ विणीची असते आणि चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेली असते. तिची कळी लोंबतच नाही. त्या वाटेने जाऊ नका.

शिवणवेल

सर्वांचे मनापासून आभार. बाहीमागच्या कळीचा अर्थ ताणाबाणा ताईंनी सांगितल्यावर मी आराखडा पुन्हा उघडला, आणि आजवर ती कळी मी कापड कमी पडल्यामुळे जोडलेले ठिगळ समजत होते हे लक्षात आले. रेशीमगाठ ताई, तुमची विनंती मान्य आहे, लेंगबर्गचे वस्त्र मी घेणार नाही. परंतु माणदेशी दादा म्हणतात तसा साधा सदरा शिवीन आणि तो अंदाजाचा आहे असे लिहीन. रंगाचे मात्र अजून कोणी बोलले नाही.

ताणाबाणा

रंगाचे मुद्दाम मागे ठेवले होते, कारण तिथे तुम्हाला निराश करावे लागणार आहे.

जमिनीतल्या द्रव्यांनी लोकर तपकिरी होते, त्यामुळे डोळ्यांना दिसणारा रंग जवळजवळ निरुपयोगी असतो. धाग्याचा कण द्रावणात विरघळवून त्यातली रंगद्रव्ये वेगळी करावी लागतात. ग्रीनलंडच्या कपड्यांवर अशा तपासण्या झाल्या तेव्हा मुख्यतः टॅनिनचे (झाडांच्या सालींतल्या तुरट द्रव्याचे) तपकिरी रंग आणि दगडफुलासारख्या शैवाकापासून काढलेला जांभळा रंग मिळाला. शिवाय नैसर्गिक गडद लोकर होतीच. मंजिष्ठेचा लाल तिथल्या रोजच्या झग्याचा रंग म्हणून मी धरणार नाही.

दुसरे असे, की युरोपात जिच्यापासून लाल रंग काढत ती मंजिष्ठा आणि आपली मंजिष्ठा या बहिणी असल्या तरी एक नव्हेत. युरोपातल्या मुळांत ॲलिझरिन भरपूर असते. आपल्या मंजिष्ठेत ते नगण्य असून तिचा लाल पर्पुरिन आणि मंजिस्टिनमुळे येतो. डोळ्याला फरक सहज कळणार नाही, पण प्रयोगशाळेला तो ताबडतोब कळेल, आणि तुम्ही ज्या काटेकोरपणे काम करू पाहता त्यात हा फरक सोडून चालणार नाही. निळ्याची गोष्ट वेगळी आहे. युरोपातली वोड नावाची वनस्पती आणि आपली नीळ यांतले रंगद्रव्य एकच आहे, त्यामुळे पुढे कधी निळा झगा केलात तर घरून नीळ मागवायला माझी हरकत नाही.

जांभळ्याचा मोह होईल, म्हणून आधीच सांगते. ते शैवाक शिळ्या मूत्रासारख्या अमोनियायुक्त द्रावणात आठवडेच्या आठवडे आंबवावे लागते, त्याचा रंग उन्हात लवकर उडतो, आणि खडकावरचे शैवाक वाढायला इतकी वर्षे लागतात की ते खरवडून आणणे मला योग्य वाटत नाही. या झग्यासाठी न रंगवलेली गडद तपकिरी लोकर घ्या. डेन्मार्कमध्ये ती मिळणे अवघड जाऊ नये.

आणखी एक गोष्ट तुमच्या सोबतच्या कागदासाठी. काळ लिहिताना एकच वर्ष लिहू नका. हेर्योल्फ्सनेसच्या एका उंच टोपीचा आकार बर्गंडीच्या दरबारी टोप्यांसारखा वाटल्यामुळे नॉर्लुंड यांनी ती पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानली होती, आणि त्या एका टोपीवरून ग्रीनलंडची वसाहत किती काळ टिकली असावी याचे तर्क लढवले गेले. पुढे किरणोत्सारी कार्बनची चाचणी झाली तेव्हा टोपी त्याहून बरीच जुनी निघाली. आकारातल्या साम्यावरून काळ ठरवला तर काय होते, हे मी नवख्या विद्यार्थ्यांना याच टोपीवरून शिकवते.

रेशीमगाठ

माणदेशी दादांच्या कागदाच्या कल्पनेला माझी आता हरकत नाही, पण तो कागद झग्यापासून वेगळा होतो आणि हरवतो, असा माझा अनुभव आहे. एका प्रदर्शनात मी दिलेल्या पोशाखाखालची पाटी दुसऱ्याच दिवशी बदललेली होती आणि त्यावर 'अस्सल मध्ययुगीन पोशाख' असे लिहिलेले होते. त्यानंतर मी अंदाजाने केलेल्या प्रत्येक वस्त्राच्या आतल्या शिवणीला पांढऱ्या फितीचा छोटा तुकडा शिवते आणि त्यावर शाईने 'अंदाज' एवढेच लिहिते. शिवणवेल ताई, सदऱ्याला तशी फीत लावा.

शिवणवेल

फीत लावते. मंजिष्ठेची मागणी सकाळीच रद्द केली. पुढच्या आठवड्यात वही घेऊन संग्रहालयात जाईन आणि बाहीमागच्या कळीच्या शिवणीतली भोके लांबट दिसतात की गोल, ते इथे येऊन लिहीन. मांजरपाट आज पहिल्यांदा भिजत घातले आहे.